डिकीचे शॉकर, पलंगाचे पंप आणि उडून गेलेलं स्टिकर: एक पावसाळा काढल्यावर

डिकीचं दार वर धरून ठेवणाऱ्या गॅसच्या शॉकरची (पलंगाला लावले की त्यांनाच पंप म्हणतात) वॉरंटी ऑनलाइन विक्रेत्याने नाकारली. कारण काय, तर नळीवरच्या स्टिकरचा फोटो 'स्पष्ट दिसत नाही'. दिसणार कुठून? कागदाचं स्टिकर, त्यावर शाईने मारलेला बॅच नंबर, आणि गाडी मालवणात. जूनच्या सुरुवातीला लावलेल्या शॉकरवर चतुर्थीपर्यंत नुसती पांढरी साल उरली होती. वॉरंटी सहा महिन्यांची आणि तिचा पुरावा टिकतो दोन महिने. ज्याने हे ठरवलं त्याला एक आषाढ आमच्या अंगणात उभा करायला हवा.

गाडी हॅचबॅक, जुनी. कंपनीचे मूळ शॉकर आठेक वर्षं चालले, मग डिकी डोक्यावर यायला लागली. एक सीझन पोफळीचा दांडा लावून आंब्याच्या पेट्या भरल्या. गॅरेजवाल्याने नळीतून आतबाहेर सरकणाऱ्या रॉडवरून बोट फिरवून दाखवलं, बोटाला तेलाचा काळा ओघळ. "रॉडार तेल दिसता मां? गॅस गेलो. दोनव बदला, एक बदललास तर दार वाकडा जाताला." शोरूममध्ये जोडीचा भाव ऐकून मी घरी आलो आणि त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शात ऑनलाइन जोडी मागवली. मोजमाप बरोबर होतं: उघडी लांबी तीच, दोन्ही टोकांना अडकवायची १० मिमीची गोळी, जोर ३५० न्यूटन. लावायला काही लागत नाही. पातळ स्क्रूड्रायव्हरने गोळीवरची क्लिप थोडी उचलायची (पूर्ण काढायची नाही, उडाली की गवतात शोधत बसा) आणि डिकी धरायला एक माणूस.

पहिले काही आठवडे मस्त. मग डिकी एका बाजूने रेंगाळायला लागली. चाकरमानी आले, त्यांच्या बॅगा काढताना डावी बाजू खाली बसतेय हे पोरांनाही दिसत होतं. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, "सर, थंडीत गॅसचा जोर कमी होतो." थंडी! ऑगस्टमध्ये, मालवणात! या नळीत दाबाने भरलेला नायट्रोजन असतो, जोराचा आकडा २० अंशाला मोजतात आणि १० अंशांच्या फरकाने तो जेमतेम साडेतीन टक्के हलतो. आमच्याकडे भर पावसातही पारा २५च्या आसपास असतो. म्हणजे उलट जोर थोडा जास्तच हवा. महाबळेश्वरच्या माणसाने हे कारण ऐकून घेतलं असतं.

मग मोजूनच टाकू म्हटलं. आंबा तोलायचा सपाट काटा घरात होताच. शॉकर सरळ उभा धरायचा, रॉड खाली, काट्यावर लाकडाचा तुकडा, आणि वरून अंगाचा भार देऊन सावकाश दाबायचं. रॉड आत सरकायला लागतो त्या क्षणाचा आकडा बघायचा. १० न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा जोर, तेव्हा ३५०ला ३५-३६ किलो दिसायला हवं. उजवा ३६. डावा ३०च्या खाली. एकाच खोक्यातली जोडी! हा फोटो पाठवला तर पुन्हा तेच, "सर, स्टिकर." काट्याचा आकडा चालत नाही, कागद हवा.

स्टिकरवर मी इतका का अडून बसलोय असं बायकोही विचारते. म्हणून सांगतो. उद्या हा शॉकर बदलायचा झाला तर दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "किती न्यूटन?" लांबी टेपने मोजता येते, गोळी मोजता येते, जोर डोळ्यांना दिसत नाही. आठ वर्षांच्या मूळ शॉकरवरचा आकडा थेट नळीवर छापलेला होता, आजही वाचता येतो. एवढं सोपं काम, खर्च जवळजवळ नाही, आणि तेच करायचं नाही.

इथवरचं सगळं चतुर्थीनंतर तावातावाने लिहून ठेवलं होतं. आता मार्च उजाडलाय, पेट्या पुन्हा सुरू झाल्यात आणि मत थोडं हललंय.

तेव्हा म्हणणं असं होतं की स्वस्त माल खाऱ्या वाऱ्यात मरतोच. कोल्हापूरहून फोंडाघाटमार्गे काळ्या रॉडची जोडी आणली, आकडा नळीवर ठोकलेला. ती चांगली चालली आहे, तक्रार नाही. पण ऑनलाइन जोडीतला तो ३६ किलोवाला उजवा शॉकर टाकवेना म्हणून विहिरीवरच्या पंपाच्या लोखंडी झाकणाला लावला. तिथे ना छप्पर ना काही. तो अजून ठणठणीत आहे. आणि शेजाऱ्याने किनाऱ्यावरच्या सरबताच्या टपरीच्या वर उघडणाऱ्या फळीला लावलेले चांगले महागातले, चकचकीत क्रोमचे शॉकर एका सीझनमध्ये गेले.

त्याचा एक रॉड हातात घेऊन बघितला. नखाला खरखर लागेल असे बारीक लाल ठिपके, सगळे मधल्या भागात. टपरी सकाळी उघडते, रात्री बंद होते. दिवसभर रॉड पूर्ण बाहेर, समुद्राच्या तोंडावर. रात्री फळी बंद केली की तेच ठिपके रबरी सीलमधून घासत आत जातात, सील फाटतं, गॅस निघून जातो. गाडीची डिकी आणि पंपाचं झाकण दिवसाचे चोवीस तास बंदच, रॉड नळीच्या आत सुरक्षित. त्यामुळे माझ्या डाव्या शॉकरला मीठ नडलं नाही, तो मुळातच कच्चा निघाला. किंमत कमी म्हणून मरतो असं नाही, उघडा राहतो म्हणून मरतो. दिवसभर उघडं राहणार असेल तिथे खाऱ्या हवेत सहज न गंजणाऱ्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचाच घ्यावा, आणि त्याचा भाव परवडत नसेल तर साखळी आणि दांडा. शेजाऱ्याने दांडा निवडला.

दुसरं, दार बंद असताना रॉडचं तोंड खाली हवं. आत थोडं तेल असतं, ते सीलवर बसून राहतं आणि सील सुकत नाही. टपरीवर एक बाजू उलटी लावली होती, तीच आधी गेली. रॉडला गंजू नये म्हणून ऑइलपेंट मारणारे महाभाग मी पाहिलेत. मारू नका, कोरड्या फडक्याने पुसा, बस.

घरातलं थोडक्यात. आईच्या पलंगाला मेस्त्रीने १२०० न्यूटनची जोडी बसवली, कापसाची जड गादी धरून. नंतर आईच्या पाठीसाठी हलकी फोमची गादी आली आणि गादीखालची उचलायची फळी आपोआप दोन बोटं वर यायला लागली. आई म्हणे, "ह्यो पलंग रात्री जांभई देता." मेस्त्रीचा उपाय, कडी मारूया. मी ८००ची जोडी आणली, जांभई बंद.

स्वयंपाकघरात वर उघडणाऱ्या फळीला त्याच मेस्त्रीने १२०ची जोडी लावली होती. फळी चार किलोची, उंची ४० सेंटिमीटर, म्हणजे वजन बिजागरीपासून २० सेंटिमीटरवर. शॉकरची ओढ बिजागरीपासून साधारण ८ सेंटिमीटरवर. चार किलो म्हणजे ३९ न्यूटन, गुणिले २०, भागिले ८, झाले ९८. दोघांत वाटले तर प्रत्येकी ४९, वर थोडी सूट धरून ६०. मेस्त्रीने बरोबर दुप्पट लावले. फळी थोबाडावर यायची आणि पावसात फुगलेल्या फळकुटातून बिजागरीचे स्क्रू उपटले. "जास्त जोर असलेलो बरो मां?" म्हणतो. नाही हो मेस्त्री, बरो नाय.

ऑनलाइन जोडीला पाचपैकी दोन तारे. एक उजव्या शॉकरला, एक वेळेत पोचल्याबद्दल. वॉरंटीला शून्य. कोल्हापूरच्या जोडीला चार. पाचवा पुढच्या पावसाळ्यानंतर बघू, तोवर दोन्ही जोड्यांचे आकडे मी ऑइलपेंटने नळीवर (रॉडवर नाही!) लिहून ठेवलेत.

आणि गेलेला डावा शॉकर भंगारवाल्याला देताना ग्राइंडर लावू नको असं बजावून दिला. ८ मिमीच्या रॉडला ३५० न्यूटन म्हणजे आत ७० बारच्या घरात दाब, गाडीच्या टायरच्या तीसपट. जोर कमी झाला तरी पुष्कळ उरलेला असतो. तो मला म्हणाला, "पैसे किती देऊ?" मी म्हटलं, राहू दे.