भाड्याचा एअर बेड, ९ दिवसांचा अनुभव

गाडीवरनं पडून मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ९ दिवस हॉस्पिटलात बहुतेक उताणा पडून काढले. तिसऱ्या दिवशी माकडहाडापाशी कातडी लाल झाली, बोटानं दाबलं तरी लाली जाईना, सिस्टर म्हणाल्या ही बेडसोरची, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात आहे, मग भावानं दसरा चौकाजवळच्या दुकानातनं एअर बेड भाड्यानं आणला. पंप पलंगाच्या पायथ्याला अडकवायचा, गादीतल्या कप्प्यांत आळीपाळीनं हवा भरते नि सुटते, त्यामुळं एकाच जागी दाब राहत नाही. लई फरक पडला बघा, लाली हळूहळू कमी झाली.

पण बेड आणला म्हणून निवांत राहू नका, सिस्टर दर २ तासांनी कूस बदलायला यायच्याच. वर जाड चादरी टाकू नका, उपयोग कमी होतो. गादीनं उंची वाढते म्हणून कठडे वर पाहिजेतच, एका रात्री वॉर्डातल्या मामांकडनं (वॉर्डबॉयकडनं) ते खालीच राहिले आणि मी पार कडेला सरकलेलो, काळजात धस्स झालं. पंपाचा आवाज येतो, पहिली रात्र झोप नाही. लाइट गेली की हवा उतरते, म्हणून जनरेटरच्या बोर्डालाच पिन लावा.