किनाऱ्यावरून गरवायला नऊ फुटी रॉड : एका मोसमाच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरात घेतलेला रॉड-रिळाचा सेट आता मे संपत येईपर्यंत वापरून झालाय. पुळण म्हणजे वाळूचा किनारा, खडप म्हणजे खडकाळ किनारा, धक्का, खाडीचं तोंड, सगळीकडे तो फिरला. मी रत्नागिरीत राहतो, घरात मासेमारी कुणाचीच नाही, त्यामुळे सगळं शून्यापासून शिकावं लागलं. नव्याने सुरुवात करणाऱ्याला जे आधी कळायला हवं, ते सगळं इथे लिहितो.

कंपनीपेक्षा मापं महत्त्वाची, म्हणून मापंच देतो. रॉड नऊ फुटी, दोन तुकड्यांचा, 20 ते 60 ग्रॅम वजन फेकू शकणारा. रीळ 4000 साइझचं. त्यावर 0.35 मिलिमीटर जाडीचं साधं नायलॉनचं तंगूस, म्हणजे गरीचा दोरा, दीडशे मीटरच्या आसपास. गऱ्या, वजनाचं शिसं, स्विव्हल (दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी), एक पक्कड आणि डोक्याला लावायची बॅटरी धरून पाच हजारांच्या आत काम झालं. यातले रॉड आणि रिळाचे पैसे पूर्ण वसूल झाले आहेत.

दुकानात समुद्राचं नाव काढलं की तेरा-चौदा फुटी सर्फ रॉड, म्हणजे किनाऱ्यावरून लांब फेकायचा रॉड, पुढे येतो. शंभर मीटर फेक जाते, असं सांगतात. जात असेलही. पण सुरुवात करणाऱ्याने तो घेऊ नये, हे माझं आता ठाम मत आहे. भाट्याच्या पुळणीवर खारवीवाड्यातले एक काका हातानेच गरी टाकतात. प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेलं तंगूस, टोकाला शिसं, बाकी काही नाही. एकदा माझी फेक बघून म्हणाले, "एवढ्या लांब कशाला फेकतोस रे? मासा तुझ्या पायाजवळ चरतोय." त्यांचं शिसं वीस-पंचवीस मीटरच्या पलीकडे कधी जात नाही आणि पिशवी रिकामी नसते.

याचं कारण ओहोटीला किनाऱ्यावर चालत गेलं की डोळ्यांनी दिसतं. लाटा जिथे पहिल्यांदा फुटतात तिथे वाळूचा उंचवटा असतो आणि त्याच्या अलीकडे, किनाऱ्याला समांतर, एक खोलगट पट्टा असतो. भरती चढायला लागली की लाटा वाळू ढवळतात, त्यातले लहान खेकडे, कोळंबी, किडे सुटे होऊन या पट्ट्यात वाहत येतात आणि मासे ते खायला आत शिरतात. पाणी भरल्यावरही हा पट्टा ओळखू येतो. पांढरा फेस दिसतो तिथे उथळ, आणि दोन फेसांच्या मधलं गडद, कमी फुटणारं पाणी म्हणजे खोल. गरी तिथे पडली पाहिजे. त्या कामाला नऊ फूट पुरतात, खांदा दुखत नाही आणि लहान मासा लागला तरी हाताला कळतं. चौदा फुटी जड रॉडवर रेणवीसारख्या लहान मासळीने आमिष तोडून नेलं तरी टोक हलत नाही.

आता भरतीबद्दल, कारण रॉड कुठलाही असो, सगळा खेळ तिथे आहे. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतंच, पण कोकणातला जुना हिशोब मला जास्त उपयोगी पडला : तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, त्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण महिन्याचा बेत कॅलेंडर बघून घरबसल्या आखता येतो.

या हिशोबाने मला माझे दिवस सापडले. अष्टमीला भरती संध्याकाळी सहाला येते, म्हणजे चढतं पाणी आणि कातरवेळ एकत्र जुळतात. पण ते भांगाचं पाणी असतं, ओढ कमी, मासाही सुस्त. दशमीला भरती साडेसातला, एकादशीला सव्वाआठला, द्वादशीला नऊला. पाण्याला जोर यायला लागलेला असतो आणि अंधार पडतानाचे दोन तास बरोबर चढत्या पाण्यात सापडतात. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांतल्या या तीन तिथी मी शक्यतो सोडत नाही. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण भाट्याला मला झेपत नाही, कारण काजळी नदीचं तोंड तिथेच आहे आणि ओहोटी लागली की 60 ग्रॅमचं शिसंही घसरत जातं. मुंबई-अलिबागकडच्यांनी हे आणखी लक्षात ठेवावं. आमच्याकडे उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर चढतं, मुंबईला साडेचार मीटरच्याही वर जातं. तिथे ओहोटीला मोकळा दिसणारा खडक भरतीला पूर्ण बुडतो आणि परतीची वाट मागून आधी बंद होते.

वाऱ्याचंही असंच. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे रोज अनुभवायला मिळतात. पहाटे मतलई पाठीमागून येतो, पाणी सपाट असतं, फेक सरळ जाते. दुपारनंतर खारा वारा तोंडावर येतो, तंगूस कमानीसारखं फुगतं आणि टोकाची हालचाल वाऱ्याची की माशाची तेच कळत नाही. फेब्रुवारीनंतर तर दुपारी जाण्यात अर्थ नाही.

सामानाकडे वळतो. रॉडची कांडी उत्तम आहे, तिला काही झालेलं नाही. तक्रार आहे ती तंगूस ज्यांतून जातं त्या कड्यांची. टोकाच्या कडीतली काळी सिरॅमिकची रिंग थंडीतच तडकली. तडा इतका बारीक होता की डोळ्याला दिसला नाही, फक्त तंगूस दर वेळी शेवटच्या हातभर भागात खरवडलेलं निघायचं. अशा वेळी कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक कडीतून फिरवावी. तडा असेल तिथे कापसाचा तंतू अडकतो. नवीन कडी स्वस्तात मिळाली, जुनी लायटरने जरा गरम करून ओढली की निघते आणि नवी गरम ग्लूने बसते. दोन तुकड्यांचा जोड वाळू गेली की घट्ट बसतो, म्हणून जोडण्याआधी तो अंगातल्या बनियनने का होईना पुसायचा आणि वर मेणबत्ती घासायची. मेणाने जोड सुटतोही सहज आणि फेकताना फिरतही नाही.

रिळाचा अनुभव संमिश्र. गिअर अजून मऊ आहेत, पण तंगूस जिच्यावरून वळतं ती लहान चकती, लाइन रोलर, फेब्रुवारीत मिठाने जाम झाली. ती फिरेनाशी झाली की तंगूस तिच्यावर घासत राहतं आणि नेमका मोठा मासा लागल्यावर तुटतं. या किमतीच्या बहुतेक रिळांचं हे दुखणं आहे. उपाय सोपा : दर फेरीनंतर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब तिथे सोडायचा. धुताना नळाचा जोरदार फवारा मारायचा नाही, त्याने मीठ आणखी आत जातं. ड्रॅगची, म्हणजे मासा जोरात ओढतो तेव्हा तंगूस सुटू देणाऱ्या ब्रेकची, चकती घट्ट करून हलक्या धारेखाली रीळ धरायचं, पुसायचं, सावलीत वाळवायचं आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवायचा, नाहीतर आतल्या वॉशर दबून राहतात.

ड्रॅग किती घट्ट ठेवायचा यावर खूप उलटसुलट ऐकायला मिळतं. 0.35 चं तंगूस साधारण सात-आठ किलोला तुटतं, आणि ड्रॅग त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर सुटला पाहिजे. मी दोन लिटरची पाण्याची भरलेली बाटली रिळातून सरळ आलेल्या तंगुसाला बांधतो आणि रीळ वर उचलतो. बाटली हळूहळू खाली सरकायला लागली की ड्रॅग बरोबर. एकदा लावला की किनाऱ्यावर त्याला हात लावायची गरज पडत नाही.

ब्रेडेड, म्हणजे अनेक धागे विणलेला दोरा नवशिक्याने पहिल्या मोसमात टाळावा. तो बारीक आणि मजबूत असतो हे खरं, पण वाऱ्यात त्याची गाठ बसली की सुटत नाही, खडपावर जरा घासला की जातो आणि ओल्या बोटाला कापतो. साधं तंगूस ताणतं, चुका पोटात घालतं आणि स्वस्त असतं. गाठ बांधताना ते थुंकीने ओलं करून हळू आवळायचं. कोरडी आवळली की घर्षणाने तापून तिथेच कमजोर होतं.

बांधणी एकच शिकलात तरी चालेल. तंगुसात भोकाचं शिसं ओवायचं, मग स्विव्हल, मग दीड-दोन फूट तंगूस आणि गरी. मासा आमिष ओढतो तेव्हा शिसं जागेवर राहतं, तंगूस त्यातून सरकतं आणि माशाला वजन जाणवत नाही. आमिषाला कोळंबीसारखं काही नाही. बाजारातली लहान, स्वस्त कोळंबी घ्यायची, डोकं काढून शेपटीकडून गरीवर चढवायची आणि शिंप्याकडच्या बारीक इलास्टिक दोऱ्याचे सात-आठ वेढे द्यायचे. गाठ मारावी लागत नाही, दोरा आपोआप चिकटून बसतो. हे वेढे नसतील तर अर्धी कोळंबी फेकतानाच हवेत उडून जाते. खडपापाशी बांगड्याच्या किंवा म्हाकुलाच्या (स्क्विडच्या) तुकड्याला जास्त चांगला मासा येतो. गरीचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचं, रुतलं तर धार आहे, घसरलं तर गरी बदलायची.

मासळी काय मिळाली, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. पुळणीवर थंडीत रेणवी, तीही लहान गरीला आणि कोळंबीच्या चिमूटभर तुकड्याला, कारण तिचं तोंड अगदी बारीक. खाडीच्या तोंडाशी करकरा आणि शिंगाळा. मिऱ्याकडच्या खडपात गोबरा आणि क्वचित लहान तांबोशी. करकऱ्याची ओढ मला सगळ्यांत आवडते. आधी टोकाला दोन हलके टिचके बसतात, मग काही क्षण काहीच नाही, आणि मग रॉड एकदम वाकतो. त्या दोन टिचक्यांना हात न हलवता थांबता आलं की मासा आपला. पाण्याबाहेर आला की तो घशातून करकर आवाज करतो, तो तळहाताला जाणवतो.

शिंगाळ्याला मात्र उघड्या हाताने कधीही धरू नका. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे करवतीसारखे दातेरी आणि विषारी असतात. फडक्यात धरून पकडीने गरी काढायची. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवला की वेदना उतरतात, कारण त्या विषाचा जोर उष्णतेने कमी होतो. त्यानंतर डॉक्टरकडे जायचंच, काटा आत तुटलेला असू शकतो. पाकटाला शेपटीचा काटा असतो, तिथे सरळ तंगूस कापून सोडून द्यायचं. आणि फुगणारा केंड लागला तर तो कितीही मोठा असो, घरी आणायचा नाही. त्याच्या विषाला उतारा नाही आणि शिजवूनही ते जात नाही. मासे ओळखायला शिकायचं असेल तर रत्नागिरीतल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय एकदा शांतपणे बघून या.

लहान मासा परत सोडायचा, हे मी काटेकोरपणे पाळतो आणि तुम्हीही पाळा. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिले आहेत. गरीचा मासा जिवंत हातात येतो, जाळ्यातला बहुतेक वेळा येत नाही, त्यामुळे सोडणं आपल्याला शक्य असतं. हात ओला करून धरायचा, म्हणजे त्याच्या अंगावरचा चिकट थर निघत नाही. तसंच तुटलेलं तंगूस. आमच्याच तालुक्यात गावखडीच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वाळूत पडलेला नायलॉनचा गुंता त्यांच्या पायात अडकतो आणि तो कुजत नाही. मी एक रिकामी बाटली बरोबर ठेवतो, माझे आणि सापडतील ते इतरांचे तुकडे त्यात भरून घरी आणतो. हे पाहून मनापासून वाईट वाटतं की मांडवीच्या धक्क्यावर पायाखाली अजूनही ढीग दिसतात.

खडपावर जायचं असेल तर आधी दहा-पंधरा मिनिटं लांब उभं राहून लाटा बघायच्या. लाटा टोळीने येतात, बराच वेळ लहान आणि मग दोन-तीन मोठ्या. जिथपर्यंत खडक ओला आणि हिरवा आहे तिथे उभं राहायचं नाही, समुद्राकडे पाठ करायची नाही आणि एकट्याने जायचं नाही. पायात पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेतच, कालवांच्या कडा पाय चिरून टाकतात.

लागणारा चालू खर्च थोडा आहे. खडपात शिसं आणि गऱ्या अडकून जातात, तेवढंच. पुळणीवर जवळजवळ काहीच जात नाही, म्हणून पहिले दोन महिने पुळणीवरच काढा. घरातल्या मुलांना न्यायचं असेल तर त्यांना सात फुटी हलका रॉड वेगळा घ्या, नऊ फुटी त्यांना पेलत नाही.

1 जूनला यांत्रिक नौकांच्या मासेमारीवरची बंदी सुरू होते आणि समुद्रही किनाऱ्यावर कुणाला उभं राहू देत नाही. मी या आठवड्यात तंगूस काढून टाकतोय, रीळ उघडून ग्रीस भरतोय आणि रॉडचे दोन्ही तुकडे सुटे करून आडवे ठेवतोय. उभा टेकवून ठेवला तर पावसाळाभरात वाक धरू शकतो. नारळी पौर्णिमेनंतर 0.30 चं तंगूस भरून बघणार आहे, रेणवीसाठी ते आणखी बरं पडेल असा अंदाज आहे. रॉड-रीळ मात्र हेच.