चिलरचे दहा महिने, गुरुवारची लाईट आणि आईची पाच बटणं

गेल्या गुरुवारी लाईट गेली आणि मी ऑफिसात निवांत जेवत होतो. दहा महिन्यांत असं पहिल्यांदाच झालं, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

२०० लिटरचा रीफ टँक, म्हणजे समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. झोअँथिड, मशरूम, लेदर असे सॉफ्ट कोरल आणि क्लाउन माशांची एक जोडी. पुण्यातली पश्चिमेची खोली. मार्चमध्ये १/१० एचपीचा चिलर, म्हणजे टँकचं पाणी थंड करणारं यंत्र, ₹२८,५०० ला घेतला. घरी त्यातले आठ हजार कमी सांगितलेत.

त्याआधीचे दोन उन्हाळे पंखे आणि एसीवर काढले. कोरड्या एप्रिलमध्ये सम्पवर (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीवर) दोन छोटे पंखे लावले की पाणी दोन-अडीच अंश उतरतं, खोटं नाही. पण रोज चार लिटर पाणी उडून जातं आणि तेवढं आरओचं भरत बसावं लागतं. जूनमध्ये हवा दमट झाली की पंखे नुसतेच फिरतात. मग दारं-खिडक्या लावून दिवसभर एसी, आणि महिनाअखेरीस बिलावरून घरात तमाशा.

थंड करायचं काम चिलर चोख करतो. बाहेर ३९ असताना टँक २५.५ च्या आसपास. आवाज जुन्या फ्रीजएवढा. गरम हवा फेकतो म्हणून बाल्कनीत ठेवला आणि भिंतीतून नळ्या आत घेतल्या.

दुखणं वेगळंच आहे. लाईट गेली की हा पठ्ठ्या लावलेलं तापमान विसरतो आणि थेट २८ वर जाऊन बसतो. पुण्यात गुरुवारी लाईट जाते हे शेंबड्या पोराला माहीत आहे, या यंत्राला नाही. मे महिन्यात सकाळी दहाला गेलेली लाईट चारला यायची आणि मी घरी पोचायचो आठला. तोवर टँक २८. मग रात्रीतून पुन्हा २५.५. मधलं बटण तीन सेकंद दाबायचं, मग खालचं पाच वेळा, अर्ध्या-अर्ध्या अंशाने, प्रत्येक वेळी टीं. हे मी आईला शिकवलं. तिचा फोन यायचा, "अरे, तुझ्या माशांचा फ्रीज ओरडतोय, पाच झाले की सहा ते विसरले."

सर्व्हिसवाला आला, बघून म्हणाला, "सर, फॉल्ट नाही, सेटिंगच तसं आहे. समुद्रातही २८ असतंच की." असतं. पण समुद्रात गुरुवार नसतो. कोरलला २८ पेक्षा दर आठवड्याच्या या झोकांड्या जास्त बाधतात. माझा लेदर त्या महिन्यात बरेच दिवस मिटून बसला होता. नवीन बोर्डचे ₹४,२०० सांगितले. तोही विसरणार का, विचारलं. हो म्हणाला!

इथवर वाचून घेऊ नका असं वाटेल. मलाही जूनपर्यंत तसंच वाटत होतं. पण एसीच्या दिवसांत माझ्या टँकचा पीएच सकाळी ७.७, संध्याकाळी कसाबसा ७.९ असायचा. मी मिठाला दोष दिला, पीएच वाढवायला बफरची पावडर ओतली. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, ती डीकेएचमध्ये मोजतात) १२ डीकेएचला गेली, पीएच जागचा हलला नाही. पीएच मोजायचा प्रोब ७ आणि १० च्या द्रावणात कॅलिब्रेट केला, तोही निर्दोष. चिलर आल्यावर एसी बंद झाला, खिडक्या उघडल्या आणि आठवड्याभरात पीएच ८.१. चमत्कार वाटला. मग एका रात्री खिडक्या लावल्या आणि सकाळी टँकचं ग्लासभर पाणी बाल्कनीत एअरस्टोनवर (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) तासभर ठेवलं: आत ७.८, ग्लासात ८.२. म्हणजे पाण्यात काही खोट नव्हती. बंद खोलीत चार माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाणी पीत होतं आणि त्यानेच पीएच उतरत होता. शाळेत नळीने फुंकून चुन्याची निवळी पांढरी करायचो, तोच वायू.

हा शोध लागल्यावर चिलरचं कौतुक करणार होतो, तेवढ्यात स्किमरची (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढून पाहिली. ₹४० मीटरची नळी, दोन मीटर. खिडक्या बंद ठेवूनही पीएच ८.० च्या खाली आला नाही. ऐंशी रुपयांत होणाऱ्या कामाचं श्रेय मी २८,५०० ला देत होतो! तेव्हा पीएचसाठी चिलर घेऊ नका. तापमानासाठी घ्या.

आता थंडीत रात्री पीएच थोडा उतरतो, त्यावर चुन्याची निवळीच. तिलाच काल्कवासर म्हणतात आणि भाव वाढवतात. वरून भरायच्या आरओच्या पाण्यात मिसळून रात्री थेंबथेंब. तिचा पीएच १२ च्या वर असतो, एकदम ओतलीत तर टँक गेला. पानवाल्याचा चुना मीही विचारात घेतला होता, त्यात काय काय असेल या भीतीने सोडला. एक अडचण: पंखे गेल्यापासून दिवसाला जेमतेम दीड लिटर पाणी उडतं, त्यामुळे निवळीही तेवढीच जाते.

विसरभोळेपणावर इलाज शेवटी कोपऱ्यावरच्या फ्रीज दुरुस्तीवाल्याने केला. बोर्ड बाजूला ठेवून ₹६५० चा डिजिटल कंट्रोलर कॉम्प्रेसरला जोडला, सेन्सर सम्पमध्ये सोडला, मजुरी ₹३००. लाईट गेली-आली तरी २५.५ म्हणजे २५.५, आणि आल्यावर तीन मिनिटं थांबून मगच कॉम्प्रेसर सुरू. वॉरंटी गेली. जुना डिस्प्ले त्याने तसाच ठेवलाय. गुरुवारी लाईट आली की तो अजून २८ दाखवतो, आणि आई जाता-येता त्याला म्हणते, "दाखव हो तू."