तृतीयपंथीयांचं आरक्षण: मागास प्रवर्गात की समांतर?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यायला सांगितलं. ते कसं द्यायचं, यावर मात्र राज्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

मध्य प्रदेशाने २०२३ मध्ये त्यांना ओबीसी यादीत घातलं. कागदोपत्री हे सोपं, नवा कोटा आखावा लागत नाही. पण समजा, एखादी दलित तृतीयपंथी मुलगी भरतीचा अर्ज भरतेय. प्रवर्गाच्या रकान्यात एकच खूण करायची आहे. अनुसूचित जाती लिहिलं तर तृतीयपंथी म्हणून काहीच मिळत नाही. ओबीसी लिहिलं तर जातीचा हक्क सुटतो. तिला तर घराबाहेर काढलं गेलं लिंगावरून आणि वस्तीत हिणवलं गेलं जातीवरून. यातलं एक निवड, असं तिला सांगणं मला अन्यायाचंच वाटतं. शिवाय मुळातल्या ओबीसी उमेदवारांशी स्पर्धा लागते ती वेगळीच.

कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत १ टक्का समांतर आरक्षण दिलं. म्हणजे खुला, अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी अशा प्रत्येक प्रवर्गाच्या आतच तृतीयपंथीयांसाठी जागा. उमेदवार मिळाला नाही, तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या स्त्री-पुरुषांकडे जाते, त्यामुळे कुणाचा वाटा हिरावला जात नाही. अडचण एवढीच की, छोट्या भरतीत १ टक्का म्हणजे एक पूर्ण जागाही होत नाही. त्यावर तो अपुरा वाटा पुढच्या भरतीत जोडण्याचा उपाय करता येईल.

महिला, दिव्यांग, माजी सैनिकांना महाराष्ट्रात समांतर आरक्षण आहेच. तृतीयपंथीयांनाही तेच हवं.