यूएसबी पोर्ट बंद पडलाय: हब घ्यावा, दुकानात द्यावा की सेवा केंद्रात?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या मेव्हण्याचा टॉवेलचा कारखाना आहे. त्याच्या लॅपटॉपचा एक पोर्ट चालेना, तेव्हा एका दुकानदाराने बघताक्षणी सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय." घरी आणून आत टॉर्च मारला. पोर्टच्या आतल्या निळ्या पट्टीच्या मागे सुताचे तंतू दाबून दाबून घट्ट बसले होते. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला आणि लाकडी टूथपिकने ते हलक्या हाताने ओढून काढले. पोर्ट चालू झाला. सोलापुरात माग आणि धूळ दोन्ही भरपूर, त्यामुळे कुठलाही खर्च ठरवण्याआधी टॉर्च माराच. आत सुई किंवा पिन मात्र घालू नका.

सफाईने भागलं नाही, तर बिघाड कुठं आहे ते आधी ओळखा. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावून बघा. एकाच बाजूचे सगळे पोर्ट मेले असतील, तर बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्या बाजूला वेगळा छोटा बोर्ड असतो आणि तो रिबन केबलने जोडलेला असतो. दोष बहुधा तिथेच सापडतो. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) यूएसबी कीबोर्ड चालतो पण विंडोज सुरू झाल्यावर बंद पडतो, असं असेल तर पोर्ट चांगला आहे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून यूएसबी कंट्रोलर अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, विंडोज ड्रायव्हर पुन्हा टाकतं. माउस चालतो पण हार्ड डिस्क मधेच तुटते? मग वीज कमी पडत असेल: यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० चा ९००. आखूड, चांगली केबल लावून बघा. आणि ३.० चा पोर्ट चालतो पण फारच हळू, तर त्याच्या ९ पिनांपैकी जादा वेगाच्या ५ पिना नीट टेकत नसतील.

आता निवड. एक पोर्ट मेला, बाकीचे ठणठणीत, आणि काम माउस-प्रिंटरपुरतं असेल, तर हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी, घेऊन मोकळे व्हा. सगळ्यात स्वस्त तोच. फक्त हबवरची सगळी उपकरणं एकाच पोर्टची वीज वाटून घेतात. हार्ड डिस्क लावायची असेल, तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब हवा. पण पिन वाकलीय, पेनड्राइव्ह लावताच लॅपटॉप बंद होतो किंवा 'पॉवर सर्ज'चा मेसेज येतो, असं असेल तर तो पोर्ट वापरणं लगेच थांबवा. हे शॉर्टचं लक्षण आहे.

पोर्ट हलतोय किंवा आतली पट्टी तुटलीय, तर नवी पेठेसारख्या बाजारातला चांगला कारागीर मला सेवा केंद्रापेक्षा बरा वाटतो. तो फक्त पोर्ट काढून नवा सोल्डर करतो किंवा छोटा बोर्ड बदलतो. सेवा केंद्रात बऱ्याचदा अख्खा मदरबोर्डच बदलायला सांगतात आणि वॉरंटी संपली असेल तर तो खर्च जड जातो. देण्याआधी दुकानदाराला एकच विचारा: "पोर्ट बदलणार की बोर्ड?" नीट उत्तर आलं नाही, तर लॅपटॉप उचलून पुढच्या दुकानात जा. काढलेला जुना भाग मागून घ्या.

वॉरंटी चालू असेल तर मात्र सरळ सेवा केंद्र. बाहेर स्क्रूसुद्धा काढू देऊ नका. तुटलेला पोर्ट ते 'फिजिकल डॅमेज' म्हणून वॉरंटीबाहेर टाकू शकतात, म्हणून अंदाजपत्रक लेखी घ्या.

कुठंही द्या, आधी बॅकअप घ्या. आणि विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी सोय) चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घरी ठेवा. मदरबोर्ड बदलला की लॅपटॉप ती मागतो आणि ती नसली तर बॅकअपमध्ये नसलेला सगळा डेटा गेला.