हेल्थ कार्ड घेतलं, पण तो विमा नव्हता

मागच्या दिवाळीत ओळखीतून एक एजंट दारात आला. "वर्षाला २,४०० रुपये, अख्ख्या घराचा दवाखाना." पारोळा तालुक्यात आमची कोरडवाहू कपाशी. पहिल्या वेचणीचे पैसे नुकतेच आले होते, देऊन टाकले. आठवड्यात कार्ड हातात: गुळगुळीत प्लॅस्टिक, सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात आबांचा फोटो.

जानेवारीत आबा कापसाने भरलेल्या बैलगाडीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याच्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने कार्ड उलटंपालटं केलं आणि मागच्या ओळीवर बोट ठेवलं. मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: 'ही सभासद योजना आहे, विमा पॉलिसी नव्हे.' तपासणीत थोडी सवलत, तीही ठरावीक ठिकाणी. स्ट्रेचरवरून आबा विचारत होते, "पैसा तं देयेल शेतस ना?" मी हो म्हणालो. पुढचं सांगवलं नाही. बायकोची पोत गहाण ठेवून ऑपरेशन केलं.

नंतर १५५२५५ वर फोन लावला. तो आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा. १९३८ च्या विमा कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय कुणालाही विमा विकता येत नाही, आजारपणाचा असो की अपघाताचा. कार्डवाल्यांचं नाव नोंदणीकृत कंपन्यांच्या यादीतच नाही, त्यामुळे तिथे दाद नाही. पुण्याच्या विमा लोकपालांकडेही नाही. खरी विमा कंपनी असती तर लोकपालांनी ५० लाखांपर्यंतची तक्रार एक पैसा न घेता ऐकली असती, याची फार चुटपुट लागते. आता जळगावच्या ग्राहक आयोगात अर्ज करतोय.

बँकेतून वर्षाला २० रुपये कापला जाणारा सुरक्षा विमा माझा आहे. तो खरा, पण अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरता. दवाखान्याचं बिल त्यातून निघत नाही.

या कार्डाला मी एकही तारा देणार नाही. कुणी दारात आलं तर आधी कंपनीचा नोंदणी क्रमांक आणि पॉलिसीचा यूआयएन, म्हणजे त्या पॉलिसीचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मागा. सवलतीचं बोलणं नंतर.

मार्चमध्ये नोंदणी असलेल्या कंपनीची पॉलिसी घेतली. दोन्ही क्रमांक पहिल्याच पानावर होते, ते मुलीने मोबाईलवर यादीशी ताडून पाहिले. पटली नाही तर परत करायला ३० दिवस मिळतात, म्हणून रोज रात्री दोन-दोन पानं वाचून काढली. फॉर्म भरताना एजंट म्हणाला, आबांच्या खुब्याचं लिहायची गरज नाही. मी तारखेसकट लिहिलं.