बसवली ३२ जीबी, वापरायला १६ : रॅम वाढवल्यानंतरच्या सात महिन्यांचा अनुभव

माझ्या डेस्कटॉपवर अक्षरजुळणी आणि स्कॅन केलेल्या जुन्या पानांची दुरुस्ती ही कामे दिवसभर चालतात. आय५-७५०० प्रोसेसर, बी२५० चिपसेटचा चार स्लॉटचा मदरबोर्ड आणि रॅमच्या ८ जीबीच्या दोन डीडीआर४-२४०० (डीडीआर४ प्रकारच्या, २४०० वेगाच्या) स्टिक एवढ्यावर बरीच वर्षे भागले. पुढे मोठ्या फाइली एकत्र उघडल्या की काम अडू लागले, म्हणून सात महिन्यांपूर्वी ८ जीबीच्या आणखी दोन स्टिक घेतल्या. या नव्या स्टिक ३२०० वेगाच्या आहेत, परंतु माझा प्रोसेसर २४०० च्या पुढे जात नसल्याने चारही स्टिक त्याच वेगाने चालणार, हे गृहीतच होते.

प्रोसेसरवरचा उंच कूलर पहिल्या स्लॉटवर झुकलेला असल्यामुळे तो उतरवूनच रॅम बसवावी लागली. संगणक सुरू झाला, पण विंडोजने ३२ जीबीपैकी केवळ १६ जीबी वापरण्यायोग्य असल्याचे दाखवले आणि टास्क मॅनेजरमध्ये ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ या नोंदीपुढे उरलेली १६ जीबी अडकून पडलेली दिसली. नव्या स्टिक तुमच्या बोर्डाला चालणार नाहीत, असे दुकानदाराने फोनवरच सांगून टाकले.

मला ते पटले नाही, कारण सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये चारही स्टिकची माहिती व्यवस्थित दिसत होती. अर्थात, तेवढ्यावरून रॅम चालते आहे असेही म्हणता येत नाही. प्रत्येक स्टिकवरच्या एका छोट्या चिपमध्ये तिची क्षमता, वेग आणि व्होल्टेज यांची नोंद असते आणि ती नोंद स्वतंत्र तारांवरून वाचली जाते. त्यामुळे प्रत्यक्ष डेटा ने-आण करणाऱ्या मार्गात कुठे खंड पडलेला असला, तरी स्टिकची ओळख पटते आणि तिची जागा मात्र वापरता येत नाही.

विंडोजच्या बूट पर्यायांमध्ये ‘मॅक्सिमम मेमरी’वर चुकून खूण राहिली आहे का ते पाहिले, राहिली नव्हती. बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारे बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत केले, बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी काढून सेटिंग मूळपदावर आणले. काहीच बदलले नाही.

खरा उलगडा झाला तो एका वेळी एकच स्टिक लावून पाहिल्यावर. बोर्डावरचे चार स्लॉट ए आणि बी अशा दोन चॅनेलांत, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन मार्गांत, दोन-दोन असे विभागलेले असतात : ए१, ए२ आणि बी१, बी२. दरवेळी वीजजोडणी काढून, खाच जुळवून, खटका वाजेपर्यंत दाबून मी प्रत्येक स्टिक आधी ए२ स्लॉटमध्ये बसवली, तेव्हा चारही स्टिक निर्वेधपणे चालल्या. त्याच स्टिक बी२ मध्ये लावल्यावर मात्र पडद्यावर काहीही आले नाही. अनेक वर्षे तिथेच बिनतक्रार चाललेली जुनी स्टिकसुद्धा त्याला अपवाद नव्हती. म्हणजे दोष रॅममध्ये नव्हता, तर सबंध बी चॅनेल बंद होते.

रॅमशी होणारी डेटाची ने-आण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो आणि प्रोसेसर सॉकेटमधल्या ११५१ बारीक पिनांवर टेकलेला असतो. कूलर परत बसवताना मी एका बाजूचे दोन स्क्रू आधी पूर्ण आवळले होते, त्यामुळे दाब एकीकडे झुकला असावा, अशी शंका आली. कूलर पुन्हा काढला, प्रोसेसर उचलून सॉकेट टॉर्चच्या तिरप्या उजेडात नीट तपासले. एकही पिन वाकलेली नव्हती. जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावली आणि चारही स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून, एकेका वेळी अर्धा फेरा देत आवळले. बायोसमध्ये ३२ जीबीचा आकडा दिसला तेव्हा जीव खरोखर भांड्यात पडला.

त्या रात्री मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या चारही फेऱ्या चालू ठेवल्या. सकाळपर्यंत एकही चूक निघाली नाही. त्यानंतरच्या सात महिन्यांत दिवाळी अंकाची जुळणी आणि शेकडो स्कॅन हातावेगळे झाले, संगणक एकदाही अडला नाही. नव्या स्टिकविषयी माझी काहीच तक्रार नाही. आता नव्याने खरेदी करायची झाली, तर चार स्टिक भरण्याऐवजी १६ जीबीच्या दोनच घेऊन त्या ए२ आणि बी२ मध्ये लावीन. बहुतेक बोर्डांवर हे प्रोसेसरकडून दुसरे आणि चौथे स्लॉट असतात, त्यामुळे कूलरखालचा पहिला स्लॉट मोकळा राहील आणि रॅमसाठी कूलर उतरवण्याची वेळच येणार नाही.